पहिल्या हाकेला

१

सकाळी दहाला मस्टर उघडायचं, चष्मा नाकावर सरकवायचा, एकदा खाकरायचं आणि नावं घ्यायची. बावीस वर्षं हेच. रिया, हजर बाई. रुद्र, हजर बाई. एकोणीस मुलं, एका दमात होतात. मग तीच नावं मोबाईलमध्ये भरायची, मग वजनं, मग खिचडी. वर पोलिओ, मतदारयाद्या, घरोघरचे सर्वे. सरकारला काहीही मोजायचं असलं की आधी अंगणवाडीची बाई आठवते.

आमची उंबरवाडी ठाकरांची, भिवपुरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. मी खालच्या गावची, रोज चढून येते. गुडघे आता कुरकुरतात. या वाडीची एक रीत आहे, तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही. रानातली माणसं ही. पहिली हाक माणसाचीच असेल असं नाही, दुसरीचाही भरवसा नाही, तिसऱ्यांदा मारतं ते माणूस, असं त्यांचं म्हणणं. पोराला बोलता यायच्या आधी हे शिकवतात. मी नवीन होते तेव्हा हजेरीलाच अर्धा तास जायचा. मग मी हट्टानं ती खोड मोडली. कधी दटावून, कधी राजगिऱ्याच्या लाडवाची लालूच दाखवून. आता सगळी मुलं पहिल्या हाकेला ओ देतात.

एक जयवंता सोडून. चार वर्षांची पोरगी, जूनपासून येते, भलती हट्टी. मी नाव घेतलं की करंगळी मिटते. दुसऱ्यांदा घेतलं की शेजारचं बोट. तिसऱ्यांदा मधलं बोट मिटलं की उभी राहून ठणठणीत आवाजात, "हजर बाई." "अगं बये, मी काय हडळ आहे का?" असं मी रोज म्हणते. ती रोज मान हलवते. हो म्हणते की नाही, ते कळत नाही.

त्या दिवशी, फेब्रुवारी नुकता लागला होता, हजेरी, खिचडी सगळं उरकलं होतं. बारा वाजत आले होते. पायरीवर शुक्राबाबा बसले होते. माझी मदतनीस ठकी, तिचा हा सासरा, वाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस. गुडघ्यावर हात ठेवून निवांत बसलेले, आणि एकदम म्हणाले, "ओ."

मी बाहेर डोकावले. अंगणात कुणी नव्हतं.

"कुणाला ओ देता बाबा?"

खाली माळाच्या टोकाला ती शेड घूं करत होती, नेहमीसारखी.

२

शेडीचं सांगते. डेटा सेंटर म्हणतात तिला. आधी ती इथं येणार नव्हती. खालापूरच्या बाजूला बंगल्यांची एक सोसायटी आहे, मुंबईचे निवृत्त साहेब लोक राहतात, त्यांच्या कुंपणाला लागून होणार होती. त्यांनी हरकत घेतली. आवाज होईल, पाणी ओढेल, झाडं जातील. तीन महिन्यांत ते प्रकरण तिथून उठलं आणि आमच्याकडं आलं. आमच्या डोक्यावरून विजेच्या मोठ्या तारा आयत्याच जात होत्या.

इथंही सुनावणी झाली, कर्जतला. अख्खी वाडी टेंपो करून गेली. मी तेव्हा तापानं पडले होते. साहेबांनी एकेक नाव पुकारलं, एकदाच. वाडी समोर सतरंजीवर गप्प बसून राहिली, दुसऱ्या-तिसऱ्या हाकेची वाट बघत. साहेबांनी एकेचाळीस नावांपुढं 'गैरहजर' लिहिलं आणि जेवायला उठले.

एवढ्यावर शेड उभी राहिली. पांढरी, लांबच लांब, एक खिडकी नाही. नुसता घूं, दिवसरात्र. वाडीतले कोंबडे आधी अवेळी आरवायला लागले, मग आरवायचेच थांबले. माणसं आधी चिडली, मग थकली. आता दुसरी शेड वरच्या माळावर बांधायची होती, जिथं वाडीचा झरा आहे. उन्हाळ्यात दुसरं पाणी नाही. झरा गेला की वाडी उठली, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

पुन्हा सुनावणी लागली तेव्हा नावं वाचायला पंचायतीनं मला नेमलं. जानेवारीत मी आठ दिवस समाजमंदिरात सगळ्यांची तालीम घेतली. पहिल्या हाकेला ओ द्यायची, एकदाच पुकारणार आहेत.

शुक्राबाबा म्हणाले, "बाई, पयली हाक कुनाची ते कुनाला ठावं?"

"माझी. मीच वाचणार आहे. माझा आवाज ओळखत नाय तुमी?"

"वळखतो," ते म्हणाले. "म्हनून तर भ्या वाटतं."

मला राग आला. उन्हातून चढून यायचं आणि वर हे ऐकायचं. "झरा पायजे का नको?" मी विचारलं.

कर्जतला मी खाकरून यादी वाचली. एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांनी पहिल्या हाकेला ओ दिली. मला रडू आलं, खरंच सांगते. साहेब म्हणाले, दीड महिन्यात जागेवर येऊन प्रत्येकाची खातरजमा करू, मग निर्णय. टेबलावर एक छोटं काळं यंत्र होतं, त्यावर लाल दिवा. ठकीनं कारकुनाला विचारलं, ह्ये काय.

"आवाज भरून घेतलाय सगळ्यांचा. वर जातो."

"वर म्हंजी कुठं?"

"कुठं म्हणजे..." तो हसला. "अशाच कुठल्यातरी शेडीत."

३

शुक्राबाबांच्या त्या ओ नंतर दुसऱ्या दिवशी ठकी तांदूळ धुताना म्हणाली, "बाई, म्हातारा हाकंला ओ देत नाय."

"वय झालं गं. ऐकू येत नसेल."

"येतं. झाकन पडलं तर दचाकला. नावानं हाक मारली तर नाय. तीनदा मारली, धा येळा मारली."

मी जाऊन बघितलं. शुक्राबाबा पाठमोरे बसले होते. नाव घेतलं, हलले नाहीत. खांद्याला हात लावला तेव्हा वळले, हसले, चहा घेता का विचारलं. बोलणं ठीक, नजर ठीक. मी पुन्हा नाव घेतलं तेव्हा त्यांनी मागं वळून बघितलं, मी दुसऱ्या कुणाला बोलावते आहे असं समजून.

त्याच दुपारी बाराला भिवाजी कूड बांधता बांधता "ओ" म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ. चौथ्या दिवशी भावाची बायको. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी चौघांचे कान तपासले. साफ. म्हणाले, सततच्या आवाजानं डोकं शिणतं, झोप नाही, अंगात रक्त नाही, होतं असं. मला पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर आपण कोण?

पाचव्या दिवशी घरी आले आणि पिशवीतून यादी काढली. आमचे हे रसायनीला केमिकल कंपनीत, शिफ्टला गेलेले. घरात मी एकटी. एक शुक्रा. दोन भिवाजी. तीन, चार, पाच. माझ्या अक्षरात, माझ्या क्रमानं. सहाव्या नावावर बोट ठेवून मी बराच वेळ बसले. दुसऱ्या दिवशी बाराच्या आधी त्या घरापुढं जाऊन उभी राहिले. बाई अंगण सारवत होती. वर न बघता म्हणाली, "ओ."

"कुणी हाक मारली गं तुला?"

"आता तुमीच न्हाई का मारली?" ती म्हणाली, आणि परत सारवायला लागली.

मी तोंड उघडलं नव्हतं. ठकीचं नाव यादीत सव्विसावं होतं.

४

माझी नणंद विमलबाई खालापूरला दिलेली. ती त्या बंगल्यांच्या सोसायटीत स्वयंपाकाला जाते. तिच्या ओळखीनं मी तिथल्या एका मॅडमना भेटले. म्हटलं, यांनी कसं थांबवलं ते तरी विचारावं, एखादा कागद मिळाला तर घ्यावा. मॅडम मनानं चांगल्या. व्हरांड्यात खुर्ची दिली, लिंबाचं सरबत दिलं.

"तुम्ही सगळे सुनावणीला गेला होतात?" मी विचारलं.

"छे हो. कोण जाणार एवढ्या उन्हात? वकिलांनी पत्र दिलं."

"त्यात सगळ्यांची नावं होती?"

"नावं कशाला? 'सर्व सभासद' असं लिहिलं होतं."

"म्हणजे नावानं कुणी पुकारलं नाही तुम्हाला?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "आम्हाला कोण पुकारणार?" त्या म्हणाल्या. मग, "तुम्हीही वकील करायला हवा होता. खरंच."

तिथं इतकं शांत होतं की माझ्याच कानात घूं वाजायला लागला. विमलबाई फाटकापर्यंत सोडायला आली. "वैनी, तोंड किती सुकलंय तुमचं. जेवता का नाय?" म्हणाली. एसटीत बसेपर्यंत राग डोक्यात गेला होता. राग मॅडमचा नव्हता. आठ दिवस समाजमंदिरात उभं राहून ओरडणारी मी, तिचा होता.

५

मी हजेरी घ्यायचं सोडलं. मुलांकडं बघून गुपचूप खुणा करायचे. त्यांना सांगितलं, आता कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

"तुमी मारली तरी?" रुद्रनं विचारलं.

"मी मारली तरी."

मुलं खिदळली. बाईंना काय झालंय, असं त्यांना वाटलं असेल. जयवंता मात्र रोज बोटं उघडी ठेवून वाट बघत बसायची, हाक आली नाही म्हणून फुरंगटायची.

पंचविसाव्या दिवशी मी ठकीला यादी दाखवली. तिला वाचता येत नाही, पण तिनं कागदाकडं बघितलंही नाही.

"ठावं हाय बाई. समद्यांनाच ठावं हाय."

"मग ओ देऊ नका ना. तोंड दाबून बसा."

"बसत्यात. पर आवाज तुमचा येतो. काम करता करता तुमी हाक मारली तर हात थांबायच्या आधी तोंडातनं जातं. तुमीच शिकवलंत नव्हं?" ती हे दूषण म्हणून बोलली नाही. तेच जास्त लागलं.

बावीस वर्षांत ठकीनं माझी दोन बाळंतपणं काढली, सासू गेली तेव्हा तेरा दिवस माझ्या घरी राबली. तिला मी अशी जाऊ देणार नव्हते. दुसरा दिवस रविवार होता. सकाळीच तिला खाली माझ्या घरी आणलं. तिथं शेडीचा आवाज पोचत नाही. दारं-खिडक्या लावल्या. ठरवलं की दिवसभर मी तिचं नाव घ्यायचंच नाही. हाक आली तर ती माझी नव्हे, इतकं साधं. तिनं दोनदा म्हणून दाखवलं. "आली तर तुमची न्हाई."

साडेअकराला ती स्वयंपाकघरात सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. मी समोर ओट्याला टेकून उभी. घड्याळ बघत होते. बारा वाजले. बारा पाच झाले. बारा दहा. बाहेर रस्त्यानं एक रिक्षा गेली. माझा घसा कोरडा पडला होता. माठ मागच्या पडवीत. मी तेवढ्यापुरती तिकडं गेले, तांब्या वर करून पाणी तोंडात ओतलं.

"ओ," आतून आवाज आला.

ठकी सूप घेऊनच पडवीत आली. "बोलावलंत बाई?"

माझ्या तोंडात पाणी होतं. गाल फुगलेले. तिनं ते बघितलं. आधी माझ्या तोंडाकडं, मग हातातल्या तांब्याकडं. तिला कळलं. एक क्षणभर तिला सगळं कळलं, आणि ती घाबरली. मग ते तिच्या चेहऱ्यावरून निघून गेलं.

मी पाणी गिळलं. "ठके," म्हटलं. "ठके. ठके गं."

ती सूप घेऊन परत आत गेली आणि खडे निवडायला लागली.

६

यादी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले. मार्च निम्मा झाला होता. शेडीचा वॉचमन गजा रस्ता दाखवायला जीपमध्ये होता. मुलांना ठकीपाशी ठेवावं तर तिचीही खातरजमा होती, म्हणून तिला पाच मिनिटांपुरती समाजमंदिरात आणली. बाकी चाळीस जण आधीच सतरंजीवर बसले होते.

"वाचा बाई," साहेब म्हणाले.

"मी नाही वाचणार."

मग त्यांनी स्वतः वाचलं. यावेळी प्रत्येक नाव तीन-तीनदा. पहिल्या सुनावणीच्या गोंधळाचं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. माणूस वाईट नव्हता, घामानं डबडबला होता, तरी तीनदा वाचत होता. एकही माणूस हललं नाही.

मी ठकीचा दंड धरून तिला उभी केली. "साहेब, ही आहे. झऱ्याचं पाणी हिच्याच घरापुढनं जातं. विचारा हिला."

"नाव काय तुमचं?" साहेबांनी विचारलं.

ठकी विचार करत राहिली. खूप विचार केला तिनं. मग ओशाळून म्हणाली, "ठावं नाय."

"नाव नाही तर हरकत कुणाची लिहू बाई?" ते मला म्हणाले. त्यांच्या आवाजातही काही उरलं नव्हतं. त्यांनी कागदावर शेवटी दोन ओळी लिहिल्या आणि पेनाचं टोपण लावलं. झरा गेला, हे मला त्या टोपणाच्या आवाजानं कळलं. ठकी खिचडी ढवळायला परत गेली.

जीपपाशी गजा माझ्याकडं टक लावून बघत होता. "बाई, तुमी हितं? मला वाटलं आत असाल."

"कुठं आत?"

"शेडीत वो. रोज बाराला मागच्या भिंतीतनं तुमचा आवाज येतो की. मला वाटलं, कंपनीनं कायतरी काम दिलंय तुमाला."

बाराला दहा कमी होते. मी त्याच्याबरोबर खाली गेले. मागची भिंत लांबच लांब, पांढरी, उन्हात डोळ्यांना बघवत नव्हती. तिला कान लावला. भिंत कोमट होती, अंगात कणकण असलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

आधी नुसता घूं. मग त्यात कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं मी बावीस वर्षं ऐकत आले आहे. मग पान उलटल्याचा आवाज. आणि मग माझाच आवाज, पण त्यात थकवा नव्हता. कुरकुरणारे गुडघे नव्हते, चढण नव्हती, राग नव्हता. इतक्या मायेनं मी कधी कुणाला बोलावलं नसेल.

"रिया," तो आवाज म्हणाला.

"बगा," गजा म्हणाला. "तुमीच की."

७

मी चढण धावत चढले. या गुडघ्यांनी कशी चढले, देव जाणे. अर्ध्यातनंच अंगणवाडी दिसते. दारात चूल, चुलीपाशी ठकी पाठमोरी. "ठके," मी ओरडले. "पोरांची तोंडं दाब. ठके. ठके." तिनं खिचडीत मीठ टाकलं, ढवळलं, झाकण ठेवलं. वळून बघितलं नाही. कशी बघेल?

आतून मुलांचे आवाज येत होते. एकामागून एक, बाकीच्यांना थांबायला लागू नये अशा घाईनं, मी लावलेल्या वळणानं. "हजर बाई." "हजर बाई." मुलांची हजेरी तर एका दमात होते.

मी दारात पोचले तेव्हा सगळी ओळीनं बसली होती, मस्टरच्या क्रमानं. मस्टर माझ्या खांद्याच्या पिशवीत होतं. रिया पाटीवर चित्र काढत होती. "रिया," मी म्हटलं. ती काढत राहिली. "रुद्र. अरे रुद्र, इकडं बघ." तो शेजारच्याच्या पेन्सिलीवरून भांडत होता.

ओळीच्या शेवटी जयवंता होती. तिचं नाव शेवटचं. ती भांडत नव्हती, बोलत नव्हती. ताठ बसून हात पुढं धरला होता. चेहरा खुललेला, इतक्या दिवसांनी कुणीतरी तिची हजेरी घेत होतं. करंगळी मिटलेली होती. मी चपला न काढता मुलांमधून तिच्याकडं धावले, आणि माझ्यादेखत तिनं शेजारचं बोट मिटलं.

मी तिला उचलून छातीशी धरलं. तिच्या तोंडावर हात दाबला, घट्ट, लागेल इतका. "नको गं बाय," मी म्हटलं. "ती मी नव्हे. मी इथं आहे, बघ. ती मी नव्हे."

तिनं माझ्याकडं बघितलं, शहाण्या मुलीसारखं. तिला तर तिच्या आजीनं बरोबरच शिकवलं होतं. तिनं मधलं बोट मिटलं, आणि माझ्या तळहाताखाली तिचे ओठ हलले.